बनाक्काचा हेवा

गेल्या महिन्यात माझ्या एका निवृत्त सहकाऱ्याचा सत्कार झाला. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, "आयुष्यात मी कधी कुणाचा हेवा केला नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण वाजवता वाजवता मला बनाक्का आठवली. ती तिथं असती तर पदर सावरत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाली असती, "खोटं बोलतंय गं ते."

बनाक्का स्वतःचा हेवा कधी लपवत नसे. इतर माणसं हेवा पोटात ठेवतात आणि तो निंदेच्या रूपानं दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडतो. बनाक्का समोर येऊन उभी राहायची, पोटावर तळहात ठेवायची आणि सांगायची, "जळती मी तुज्यावर." आणि एकदा सांगितलं की त्या माणसाच्या घरी काहीतरी पाठवायची. हा तिचा नेम होता. शेजारच्या कोंडाबाईनं नवं जातं आणलं तेव्हा बनाक्कानं चार वेळा ते फिरवून बघितलं, "लय हलकं फिरतंय, जळती मी तुज्यावर, कोंडे," असं म्हणाली, आणि संध्याकाळी हुलग्याच्या माडग्याचं भांडं कोंडाबाईच्या चुलीपाशी आलं. त्यामुळे गल्लीतल्या बायका तिला चिडवायच्या, "बनाक्का, आमच्यावर बी जरा जळ की गं, पाव्हणं यायचं हाईत."

आमचं गाव पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याला. गावात सणगरांची सात-आठ घरं होती आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आमचं. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. धनगरांकडून लोकर यायची, ती पिंजून बायका चरख्यावर कातायच्या आणि पुरुष मागावर विणायचे. बनाक्काचे यजमान ज्ञानबातात्या हे गल्लीतले सगळ्यांत नाणावलेले विणकर. त्यांचं घोंगडं पाण्यानं भरून आडवं टांगलं तरी खाली थेंब पडत नाही, असं लोक सांगत. सांगताना सगळे तात्यांचं नाव घेत. ते सूत कुणी कातलं, हे कुणी विचारत नसे.

बनाक्का बारीक अंगाची, उंच, किंचित पुढे वाकलेली होती. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट लोकरीच्या तेलकटपणानं कायम गुळगुळीत. कुणीही भेटलं की ती आधी त्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघायची आणि मग तोंडाकडे. मी मॅट्रिक झालो तेव्हा माझं सर्टिफिकेटही तिनं असंच चिमटीत धरलं. माझ्या घरात माझ्या आधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. आईनं ते सर्टिफिकेट देवापुढे ठेवलं होतं. बनाक्कानं तिथून उचललं, कागदाचा पोत बघितला आणि विचारलं, "ह्यावर काय लिवलंय?"

"मी पास झालो, असं."

"कुनी लिवलंय?"

"सरकारनं."

तिनं कागद उजेडाकडे धरला. "मला कुनी कवा असं लिहून दिलं न्हाई," ती म्हणाली. "जळती मी तुज्यावर." दुसऱ्या दिवशी तिनं मला बसायला घोंगडीचा एक चौकोनी तुकडा आणून दिला. पुढे गावच्या शाळेत मास्तरकी करताना, सांगलीला कॉलेजात असताना आणि बी. ए.च्या परीक्षेच्या दिवसांत मी त्याच तुकड्यावर बसून अभ्यास केला. त्या थंड फरशांवर माझी बैठक टिकली ती त्यामुळेच, असं मी आजही मानतो.

तिची आणखी एक सवय होती. ती मला कळायला फार उशीर लागला. दारात बसून चरखा फिरवताना तिचे पाय हलत असत. एकदा डावा दाबला जाई, एकदा उजवा. मला वाटे, मुंग्या येत असतील. मग एके दिवशी मी तात्यांच्या मागाशी बसलो होतो. मागाखालच्या खड्ड्यात त्यांचे पाय लाकडी पावड्यांवर एकामागून एक दाबले जात होते, आणि सहज मान वळवली तर दारातल्या बनाक्काचे पाय नेमक्या त्याच ठेक्यात पडत होते. तात्यांनी धोटा फेकायचं थांबवलं की तिचे पायही थांबत.

त्यांच्या घराचा नेम असा होता की बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय घालायचा नाही. तात्यांच्या आज्याच्या काळात एका सुनेनं घातला आणि मागावर ताणलेल्या उभ्या सुताचा, अख्ख्या उन्हाळ्याचा ताणा एका दिवसात तुटला, असं तात्या सांगत. "उंदरानं खाल्ला आसंल," असं बनाक्का म्हणे, पण तात्यांच्या माघारी.

घरात दोन माग होते. एक तात्यांचा आणि त्याच्या शेजारी त्यांच्या मुलाचा, शंकरचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर शंकर पलटणीत भरती झाला आणि समुद्रापार गेला. त्याचा माग रिकामा पडला. तात्या रोज सकाळी त्यावरची धूळ झटकत आणि मग स्वतःच्या मागावर बसत. सहा महिन्यांनी बनाक्कानं विचारलं. मी तिथं होतो, शंकरचं पत्र वाचून दाखवायला गेलो होतो. ती चरख्यावरून नजर न काढता म्हणाली, "आवं, शंकऱ्याचा माग वाळवी खाईल. म्या बसू का?"

तात्यांनी चिंचोक्याच्या खळीचं भांडं उचललं आणि ताण्याला खळ लावायला बाहेर निघून गेले. तो विषय तिथंच मिटला. त्या दिवशी मात्र चरख्याखाली तिचे पाय हलले नाहीत.

ओलेना आली ती यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात पाचगणीच्या बंगल्यांतून पोलंडच्या निर्वासित बायकामुलांना ठेवलं होतं. त्यांतल्या बऱ्याच जणी छातीनं अधू होत्या. तात्या बाजाराच्या दिवशी घोंगडी घेऊन घाट चढत. बनाक्का बरोबर असे, आणि शाळेला सुट्टी असली की साहेबलोकांशी बोलायला मी. एकदा चाळिशीची, डोक्याला फडकं बांधलेली एक गोरी बाई आमच्यापाशी येऊन थांबली. तिनं घोंगडं उलटं केलं. काठ बघितला. मग काठाचं एक सुटं सूत चिमटीत धरून त्याचा पीळ उलगडला, बोटांनी पुन्हा घातला आणि आमच्या तिघांकडे बघून हातानं चरखा फिरवल्यासारखं केलं. कुणी कातलं, असं ती विचारत होती.

तात्यांनी बनाक्काकडे बोट दाखवलं. ती बाई खाली बसली आणि तिनं बनाक्काचा उजवा अंगठा हातात घेऊन बघितला. तिचा स्वतःचा अंगठाही तसाच होता, गुळगुळीत.

येताना घाटात बनाक्का म्हणाली, "तीस वर्सांत पयल्यांदा कुनी इचारलं."

ओलेना तिचं नाव. तिला सगळे पोलंडची म्हणत. ती दर वेळी मान हलवून सांगे, "पोलंड नो. युक्रेन." तिचं इंग्रजी माझ्याहूनही वाईट होतं, म्हणून आमचं बरं जमलं. तिचं गाव नदीकाठी, युक्रेनच्या तेव्हा पोलंडकडे असलेल्या भागात होतं. हिवाळ्यात तिकडे बर्फानं शेतं बंद होत आणि घराघरात खिडकीपाशी माग उभा राही. मागावर बायका बसत. पुरुष मागाला हात लावत नसत, हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग एका पहाटे रशियाचे बंदुकवाले आले. घर सोडायला त्यांनी तासभर दिला. नवऱ्याला वेगळ्या गाडीत घातलं, तो पुन्हा दिसला नाही. मागावर लाल नक्षीचा पंचा अर्धा विणून झाला होता. अर्धं कापड कापायचं नाही अशी त्यांच्याकडे रीत, म्हणून तिनं तो तसाच मागावर ठेवला आणि आईनं विणलेला एक पट्टा तेवढा कमरेला बांधून निघाली. पुढे गुरांच्या डब्यातून बर्फातल्या जंगलात, लाकडं तोडायला. तिथं तिची मुलगी वारली. मग इराण, मग बोट, मग आपला हा डोंगर. हे सगळं तिनं मला एका दमात कधी सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पण प्रत्येक वेळी ती त्या अर्ध्या पंच्यावर येऊन थांबे.

तिला माग बघायचा होता. एके दिवशी ती कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून घाट उतरून आमच्या गावात आली. मागे पोरांची रांग. तात्यांनी डोक्याला पटका बांधून तिला माग दाखवला. ओलेना सगळं हात लावून बघत शंकरच्या मागापाशी आली आणि कुणाला काही कळायच्या आत, चपला काढून, खड्ड्याच्या काठावर बसून तिनं पाय आत सोडले.

दारातला चरखा थांबला. मी तात्यांकडे बघितलं. कोंडाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

तात्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाले, "पाव्हणी हाय. तिला आपला नेम लागू न्हाई."

आणि त्यांनी तिच्यासाठी ताणा चढवला. स्वतःच्या हातानं. ओलेना आठवड्यातून एकदा येऊ लागली. लोकर तात्यांची, सूत बनाक्कानं कातलेलं. लाल रंगासाठी तिनं मदत म्हणून मिळालेला एक लाल स्वेटर उसवून आणला होता. काळ्या घोंगड्यात ती लाल चौकटींची पट्टी घालू लागली. तात्या कधी कुणाचं कौतुक करणारे नव्हेत. पण ती फणीनं आडवं सूत ठोकून बसवू लागली की ते तिच्यामागे उभे राहून म्हणत, "काय ठोका हाय बाईचा." गल्लीतल्या इतर विणकरांना बोलावून दाखवत. ताणा काही तुटला नाही. कुणी तो विषयही काढला नाही.

बनाक्का दारात सूत कातत असे. ओलेना आली की तिच्याकडे बघून हसे, आणि बनाक्का मान खाली घाली. मी वाट बघत होतो, आता ही उठेल, पोटावर हात ठेवील आणि सांगून मोकळी होईल. तिनं सांगितलं नाही. ओलेनासाठी काही पाठवलंही नाही. इतक्या वर्षांत तिचा नेम मोडलेला मी पहिल्यांदा बघत होतो. ती बारीक झाली. एकदा मला म्हणाली, "मास्तर, माजं लगीन ह्या घरात झालं तवा मी तेरा वर्सांची. तवापास्नं ह्यो खड्डा बगती मी. आन ही कोन कुटली येती आन पाय सोडून बसती."

"ती पाहुणी आहे, आक्का."

"मग मी कोन?"

मी उठून चपला शोधू लागलो.

नंतर तिनं जे केलं ते फक्त कातणारीच करू शकते. सूत कातताना चरखा एका अंगानं फिरवला की सुताला एक पीळ पडतो, उलट्या अंगानं फिरवला की उलटा. आमच्याकडे सगळं सूत एकाच पिळाचं असतं. दोन पिळांची सुतं एका घोंगड्यात वेगवेगळ्या पट्ट्यांत आडवी घातली तर विणताना डोळ्यांना काही कळत नाही, पण घोंगडं पाण्यात घालून तुडवलं की एक इकडे ओढतं आणि दुसरं तिकडे. अख्खं घोंगडं आक्रसून, सुरकुत्या पडून बाहेर येतं. बनाक्कानं ओलेनाच्या धोट्यातल्या कांड्यांसाठी आठवडाभर चरखा उलटा फिरवला. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी एवढंच बघितलं की ती डाव्या हातानं चरखा फिरवते आहे. मला वाटलं, उजवा दुखत असेल.

पुढच्या खेपेला ओलेना मागावर बसली. पहिलीच कांडी धोट्यात घालताना तिची बोटं थांबली. तिनं सूत उलगडलं, पुन्हा पीळ घातला, पुन्हा उलगडलं. मग ती खड्ड्यातून वर आली आणि दाराशी गेली. बनाक्काच्या हातातला चरखा थांबला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ओलेनानं तिचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. ती मला भराभर काही सांगू लागली. निम्मं तिच्या भाषेत होतं. मला कळायला वेळ लागला.

तिच्या गावात उलट्या पिळाचं सूत मुद्दाम कातत. मुलगा लढाईला निघाला की आई उलट्या पिळाचा धागा कातून त्याच्या पट्ट्यात घाली. त्यानं अरिष्ट परत फिरतं, अशी त्यांची समजूत. आक्काला हे कसं कळलं, असं ती विचारत होती. आक्काचा मुलगाही लढाईवर आहे, म्हणूनच कळलं असणार, असंही तीच म्हणत होती.

मी हे बनाक्काला मराठीत सांगितलं. सांगता सांगता डाव्या हातानं फिरणारा चरखा मला आठवला आणि सगळं लख्ख कळलं. बनाक्कानं माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे तिलाही कळलं.

ओलेना परत जाऊन बसली. तिनं एक सुलट्या पिळाचं आणि एक उलट्या पिळाचं सूत शेजारी शेजारी घातलं. बनाक्काला हवं होतं तसं काही आक्रसणार नव्हतं. एकाआड एक घातल्यामुळे दोन्हींची ओढ एकमेकींना तोलून धरणार होती, आणि काळ्यात माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी उठू लागली. तात्या खाली वाकून बघत राहिले.

आठवडाभर बनाक्कानं चरख्याला हात लावला नाही. पुढच्या वेळी ओलेना आली तेव्हा ती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांग हिला. मी वाईट इचारानं कातलं व्हतं."

मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. हेवा या अर्थाचा शब्द मला पुस्तकातून पाठ होता, पण ओलेनाला तो ठाऊक नव्हता. मी दुसरा शब्द शोधत होतो, तेवढ्यात बनाक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुजं इंग्रजी." तिनं ओलेनाकडे बोट केलं, मग खड्ड्याकडे, मग स्वतःच्या पायांकडे. उभ्या उभ्या पाय एकामागून एक दाबून दाखवले. आणि पोटावर तळहात ठेवून, चुलीत जाळ भडकावा तशी बोटं वर नाचवत म्हणाली, "जळती मी. तुज्यावर. जळती."

ओलेना हसली नाही. तिनं तोच हात स्वतःच्या पोटावर ठेवला आणि हळूच म्हणून बघितलं, "जळती." मग ती खड्ड्यातून उठली, बाजूला झाली आणि बनाक्काला बस म्हणून खूण केली.

तात्या त्यांच्या मागावर होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. तेवढंच. बनाक्का वळली आणि चरख्यावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं ओलेनाबरोबर गुळपापडीचा पुडा पाठवला. आणि मला शंकरला पत्र लिहायला लावलं. पाकिटात तिनं वीतभर उलट्या पिळाचा धागा घातला. "काय लिहू त्याच्याबद्दल?" मी विचारलं. "लिवू नगंस," ती म्हणाली. "आईनं धाडलाय म्हणलं की झालं."

लढाई संपली. शंकर परत येणार असल्याचं पत्र आलं. त्याच सुमाराला पाचगणीची छावणी उठवली आणि तिथल्या बायकांना कोल्हापूरजवळच्या मोठ्या छावणीत हलवलं. ओलेनाला निरोप घ्यायलाही कुणी खाली येऊ दिलं नाही. मोटारीच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं तेव्हा त्या गोऱ्या बाया कालच गेल्या होत्या. शंकरच्या मागावर घोंगडं तसंच राहिलं. दीड हात विणायचं बाकी.

शंकर येणार म्हणून तात्यांना माग मोकळा हवा होता. ते कात्री घेऊन आले. बनाक्का मधे उभी राहिली. "दुसऱ्यांदा अर्धं ऱ्हातंय तिचं," ती म्हणाली. "कापू नगासा. पुरं करा."

तात्या मागापाशी बसले. विणलेल्या भागावरून त्यांनी हात फिरवला. मग मान हलवली. एका हातानं सुरू केलेलं कापड दुसऱ्या हातानं पुरं करायला विणकर सहसा तयार नसतो. ठोका बदलला की जन्मभर तो दिसतो. तात्यांचा तर त्याबाबत फार कटाक्ष होता. "बाईचा ठोका हाय ह्यो," ते म्हणाले. "माज्या हातनं न्हाई व्हायचा."

"मग बाई करंल."

बनाक्का हे ओरडून म्हणाली नाही. स्वयंपाकाला काय करू, असं विचारावं तशी म्हणाली. तात्या तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, इतकी वर्षं त्यांनाही ते पाय दिसत असावेत. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि उठून दारात गेले. दाराशी बनाक्काचा चरखा होता. ते तिथं बसले, आमच्याकडे पाठ करून.

बनाक्कानं पदर खोचला. खड्ड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला आणि पाय आत सोडले. पहिले दोन-चार ठोके वेडेवाकडे पडले. धोटा एकदा खाली पडला. मग पावड्यांचा ठेका लागला, तोच, जो मी इतकी वर्षं चरख्याखाली बघत होतो. कांडी संपत आली तेव्हा ती थांबली, दुसरी शोधू लागली. दारातून एक हात मागे आला. त्यात भरलेली कांडी होती. तात्या वळले नव्हते. आमच्याकडे कांड्या भरणं हे बायकांचं काम. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी पाठमोऱ्यानं कांड्या भरल्या.

त्यानंतर मी सांगलीला कॉलेजात गेलो. तिथून एकदा मिरजेवरून गाडीनं कोल्हापूरच्या छावणीत ओलेनाला भेटून आलो. घोंगडं पुरं झाल्याचं सांगायचं नाही, असं बनाक्कानं बजावलं होतं. मी सांगितलं नाही. तिला परत जायला गाव उरलं नव्हतं. कुठल्यातरी दूरच्या देशात पाठवणार होते, कुठल्या ते तिलाही नीट माहीत नव्हतं. पुढे कधीतरी तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. अमुक दिवशी त्यांची गाडी मुंबईला निघणार होती. मी चौकशी केली. लोणंदला इंजिन पाणी घ्यायला थांबतं, असं कळलं. मी बनाक्काला कळवलं आणि आदल्या दिवशी गावी गेलो.

लोणंदच्या फलाटावर बनाक्का घोंगड्याची घडी छातीशी धरून उभी होती. शंकरच्या मागावर आता शंकर बसत होता. पण तात्यांचे डोळे अधू झाल्यापासून त्यांच्या मागावर ती बसे, असं मला शंकरनंच सांगितलं होतं. तिनं स्वतः सांगितलं नाही. गाडी आली. डब्याडब्यातून गोरे चेहरे. आम्ही धावत शोधत गेलो. ओलेना खिडकीत होती. केस पांढरे झाले होते, कमरेला तोच पट्टा.

बनाक्कानं घडी खिडकीतून आत दिली. ओलेनानं ती मांडीवर उलगडली आणि आपल्या टोकाकडून बोट फिरवत आली. लाल चौकटी, मग माशाचे काटे. शेवटच्या दीड हाताशी बोट थांबलं. तिथं ठोका बदलला होता. थोडं मागे, थोडं पुढे असं तिनं पुन्हा बघितलं आणि मान वर केली.

बनाक्कानं लुगडं जरा उचलून, फलाटावर उभ्या उभ्या, डावा पाय दाबला, मग उजवा.

ओलेनानं तोंडावर हात घेतला. मग तोच हात हळूहळू खाली आला आणि पोटावर थांबला. "बना," ती म्हणाली. "जळती मी."

"माज्यावर?"

ओलेनानं मान हलवली. फलाटाच्या पलीकडे, आम्ही जिथून आलो त्या वाटेकडे हात केला. "माग," ती म्हणाली. "घर." आणखी तेवढे दोन शब्द तिला येत होते.

इंजिनानं शिट्टी दिली. बनाक्काच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती हसून म्हणाली, "जळती मग दे की कायतरी."

ओलेनाला ते शब्द कळले नसतील. पण तिचे हात आधीच कमरेशी गेले होते. गाडी हलली तेव्हा पट्ट्याची गाठ सुटली नव्हती. ती नखांनी सोडवून, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन, तिनं तो पट्टा बनाक्काच्या हातात टाकला.

गाडी वळणाआड गेली. बनाक्का माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पट्ट्याच्या टोकाचं एक सुटं सूत चिमटीत धरलं होतं. त्याचा पीळ उलगडला, निरखला आणि अंगठ्यानं पुन्हा होता तसा घातला.

"उलटा हाय," ती म्हणाली. "हिच्या आईनं कातलाय."